हिणवणारी नावे : १७६१ च्या एका राजाज्ञेची कथा

वैशाख शुद्ध पंचमी जवळ आली की डिचोली तालुक्यातील शिरगाव हे एरवी आपल्यात मग्न असणारे खेडे माणसांच्या पावलांनी जागे होते. हाती वेताची काठी, गळ्यात मोगरीच्या कळ्यांचे हार आणि मुखी देवीचे नाव, असे हजारो धोंड पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या, तसेच सीमेपलीकडच्याही गावांतून श्री लईराईच्या चरणी येतात. तळीत स्नान करतात, आणि रात्र उलटून गेल्यावर होमकुंडाच्या धगधगत्या निखाऱ्यांवरून चालत जातात. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्यास त्याचा अर्थ विचारण्याची इच्छा झाल्यावाचून राहात नाही.

या व्रतामागची कथा आमच्या भागात अनेक रूपांनी सांगतात. आम्ही बालपणी ऐकली ती अशी : सात बहिणी आणि एक भाऊ. भाऊ खेतोबा कामास गेला तो वेळेवर परतला नाही. थोरल्या लईराईस राग अनावर झाला आणि त्या रागाच्या भरात तिने भावाला लाथ मारली. राग ओसरला तेव्हा तिला आपल्या कृत्याची लाज वाटली. आपल्याच भावाचा आपण अपमान केला, याचे प्रायश्चित्त म्हणून ती विस्तवातून चालत गेली. म्हणजे ज्या देवीपुढे आपण मस्तक नमवितो, ती देवीच आपल्याला सांगते की आप्ताचा अवमान हे लहानसहान पाप नव्हे. ते धुऊन काढण्यास अग्नीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी याच जत्रेत आमच्या डोळ्यांदेखत एक क्षुल्लक प्रसंग घडला. क्षुल्लक असे आम्ही त्या वेळी समजलो. खेळण्यांच्या एका पालात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. आमच्या बरोबरचे एक सुविद्य गृहस्थ किमतीवरून घासाघीस करू लागले, आणि मुलगा ऐकेना तेव्हा हसत हसत म्हणाले, "घाटी तो घाटीच!" मुलाने मान वर केली आणि आमच्या-तुमच्यासारख्याच अस्सल कोकणीत तो म्हणाला, "हांव दिवचलेचो. म्हजो जल्म हांगाच जाला." आवाजात राग नव्हता. शाळेत हजेरी द्यावी तसा तो बोलला. गृहस्थ हसले, आणि लिहिण्यास संकोच वाटतो, पण आम्हीही हसलो. न्यायालयात दुसऱ्याच्या अब्रूसाठी तासन्‌तास युक्तिवाद करणारे आम्ही, त्या पालापुढे आमच्या तोंडून एक अक्षर निघाले नाही.

त्या हसण्याचा विचार मनातून जाईना, म्हणून आम्ही आपल्या भूमीच्या इतिहासात शोध घेऊ लागलो. माणसास त्याच्या रंगावरून, कुळावरून वा प्रांतावरून हिणवणे हा कधी गुन्हा मानला गेला होता काय? उत्तर सापडले ते मोठे विस्मयकारक होते. याच गोव्यासाठी, आजपासून अडीचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, असा कायदा झाला होता.

ती राजाज्ञा २ एप्रिल १७६१ या दिवसाची. पोर्तुगालच्या गादीवर राजा दों जुझे होता. पण राज्याची सूत्रे पुढे मार्केस द पोंबाल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याच्या हाती होती. आज्ञेचा आशय थोडक्यात असा होता की आशियातील पोर्तुगीज मुलखांत जन्मलेले बाप्तिस्मा घेतलेले प्रजाजन आणि पोर्तुगालात जन्मलेले प्रजाजन यांच्यात मान, अधिकार आणि पात्रता या बाबतींत काहीही भेद नाही. वर्णावरून नव्हे, गुणावरून माणसाची परीक्षा व्हावी. येथपर्यंतचे शब्द कोणत्याही राजाच्या जाहीरनाम्यात शोभले असते. परंतु आज्ञा तेथे थांबत नव्हती. या देशच्या लोकांना 'नेग्रु' म्हणजे काळे, 'मेस्तिसु' म्हणजे संकरज, किंवा अशाच प्रकारच्या अन्य निंद्य नावांनी संबोधणे हा तिने दंडनीय अपराध ठरविला. तलवारीचा घाव नव्हे, मारहाण नव्हे, तर रस्त्यात, कचेरीत, चर्चच्या दारात सहज जिभेवर येणारा शब्द या कायद्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला.

असा कायदा करण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी त्या काळच्या गोव्याची उतरंड ध्यानात घेतली पाहिजे. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतल्यापासून अडीच शतकांत तेथील समाजाचे थर घट्ट बसले होते. सर्वांत वर पोर्तुगालात जन्मलेला 'रेइनोल'. त्याखाली येथे जन्मलेल्या गोऱ्यांची संतती 'कास्तिसु'. त्याखाली मिश्र रक्ताचा 'मेस्तिसु'. आणि या सर्वांच्या खाली या मातीतला माणूस, त्याचे नाव 'कानारीं'. तो ख्रिस्ती झाला, लॅटिन शिकला, पाद्री झाला, तरी वरच्या तिघांच्या तोंडी तो कानारींच राहिला. त्याच्याही खाली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेला गुलाम होता, पण त्याची गणना मनुष्यांत करावी असे कोणास वाटतच नव्हते.

हा 'कानारीं' शब्द विचार करण्याजोगा आहे. त्यात मुळात विष नव्हते. कानडा मुलखाच्या नावावरून तो आला, आणि पोर्तुगीजांनी तो आपल्या कोकणी भाषेलाही लावला. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपल्या भाषेचे जे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या नावात हाच शब्द आहे, आणि तेथे त्यास अभ्यासकाच्या आदराचा स्पर्श आहे. तोच शब्द पुढे शिवी झाला. अक्षरे बदलली नाहीत. बोलणारा उंचावर बसला आणि ऐकणारा खाली उभा राहिला, एवढेच बदलले. आमच्या मते साऱ्या हिणवणाऱ्या नावांचे रहस्य एवढेच आहे. 'घाटी' म्हणजे घाटावर राहणारा. त्यात निंद्य ते काय? पण तो कोणी, कोणास, कोणत्या सुरात म्हटला, यावर त्याचे अमृत किंवा विष अवलंबून असते.

पोंबालच्या अंतःकरणात एकाएकी दयेचा पाझर फुटला, असे समजण्याचे मात्र कारण नाही. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचा उत्तरेकडील समृद्ध प्रांत गेला. मूठभर गोऱ्यांच्या बळावर आशियातील राज्य टिकणार नाही, हे त्या व्यवहारी मंत्र्याने ओळखले. ब्राझीलमध्येही १७५५ साली त्याच्या राजवटीने तेथील मूळ रहिवाशांशी लग्न करणाऱ्यांना व त्यांच्या मुलांना हिणवण्यास मनाई केली होती. पुढे १७७३ साली खुद्द पोर्तुगालातील 'जुने ख्रिस्ती' आणि 'नवे ख्रिस्ती' हा भेद त्याने कायद्याने मोडला. राज्याच्या सोयीसाठी का होईना, माणसाला डागणारी नावे पुसून टाकण्याचे काम त्याने हाती घेतले होते. हेतू मिश्र असला तरी चांगले कृत्य चांगलेच असते, असे वकिलाने म्हटल्यास वाचक क्षमा करतील.

परंतु कायदा करणे निराळे आणि तो माणसांच्या जिभेवर बसविणे निराळे. लिस्बनहून आलेली ही आज्ञा गोव्याच्या कचेरीत तेरा वर्षे जवळजवळ निपचित पडून राहिली. जे अधिकारी तिची अंमलबजावणी करणार, तेच रोज तिचा भंग करीत होते. ज्याच्या श्रेष्ठत्वावर कायदा घाव घालतो, त्याच्याच हाती कायदा सोपविला की तो कागदच राहतो. अखेर १७७४ साली नवे गव्हर्नर दों जुझे पेद्रू द काम्र आणि नवे आर्चबिशप यांना ठणकावून सूचना देण्यात आल्या आणि जुनी आज्ञा पुन्हा बजावण्यात आली. त्याच वर्षी इन्क्विझिशनही बंद करण्यात आले. मात्र पोंबालचे पतन होताच १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि कायमचे संपण्यास १८१२ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या आज्ञेने तरी मने बदलली काय? १७८७ साली कांदोळीच्या पिंटो घराण्याशी निगडित असा जो उठाव उघडकीस आला, त्याच्या मुळाशी काय होते हे पाहावे. विद्वान गोमंतकीय पाद्री लिस्बनपर्यंत गेले, पात्रता दाखविली, तरी वरच्या धर्मपदांची दारे त्यांना बंदच राहिली. अपमान साठत गेला आणि त्याचे कटात रूपांतर झाले. पुढच्या वर्षी पंधरा जणांना फाशी देण्यात आले. पुढे १८३५ साली बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हे गोमंतकीय गृहस्थ गोव्याचे प्रमुख शासक म्हणून अधिकारावर आले. पण गोऱ्या आणि मिश्र रक्ताच्या लष्करी मंडळींना त्यांच्या हाताखाली वागणे अपमानास्पद वाटले, आणि तीन आठवड्यांच्या आत त्यांना पदच्युत करण्यात आले. समतेची राजाज्ञा निघून चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती!

आता आम्ही हिंदू वाचकांस एक गोष्ट ध्यानात आणून देतो. १७६१ च्या राजाज्ञेने जी समता दिली, ती बाप्तिस्मा घेतलेल्यांना दिली. आपले पूर्वज तिच्या बाहेर होते. शिरगाव तर त्या काळी पोर्तुगीज राज्यातच नव्हते. डिचोली व सत्तरी हे महाल १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आले, आणि 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जाऊ लागले. तोपर्यंत धार्मिक छळाची धार बोथट झाली होती. त्यामुळे दिवाडीहून नार्व्यास आलेला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी ज्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला तो सप्तकोटेश्वर असो, की शिरगावची लईराई असो, आपली दैवते जागच्या जागी राहिली. पण दैवते राहिली, तरी नाव मात्र लागलेच. सरकारी दप्तरात हिंदूस 'जेंतीउ' म्हणत. त्याचा अर्थ, जो सत्य धर्माचा नाही तो. हा शब्द इतका रुळला की १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या चालीरीतींची जी संहिता लागू झाली, तिच्या नावातही तो बसला; गोव्याच्या वकिलास तिचे नाव आजही घ्यावे लागते, आणि दर वेळी आपल्याच वाडवडिलांस आपण पाखंडी म्हणत आहोत याची जाणीव त्यास क्वचितच होते.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि पुढील वर्षी राज्यसंस्था व चर्च यांची फारकत झाली, तेव्हा कोठे हिंदूंसाठी शाळा आणि नोकऱ्यांची दारे खऱ्या अर्थाने उघडली. हा उजेडही फार काळ टिकला नाही. सालाझारच्या राजवटीने जुलै १९३० मध्ये वसाहतविषयक कायदा आणला आणि गोमंतकीयांस, हिंदू असो वा ख्रिस्ती, पुन्हा खालच्या पायरीवर बसविले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्या वेळी सभागृहात आवाज उठविला. १९४४ साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहून दाखवून दिले की सतत हिणवला गेलेला माणूस अखेरीस स्वतःच स्वतःला हिणवू लागतो. परक्याची नजर तो आपल्या डोळ्यांत बसवून घेतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी परकी सत्ता गेली. पण ती नजर त्या बोटीतून गेली काय, हा आमचा प्रश्न आहे.

कारण नावे ठेवण्याची कला केवळ गोऱ्यांनाच अवगत होती असे नव्हे. आपणही गोऱ्यास 'पाखलो' म्हणून वचपा काढला. तेथपर्यंत दुबळ्याचे ते एकमेव हत्यार म्हणून कोणी क्षमा करील. पण आफ्रिकेच्या माणसास आपण 'खाप्री' म्हणतो, तेव्हा वचपा कोणाचा काढतो? हा शब्द अरबी 'काफिर' वरून पोर्तुगीजांच्या मुखाने आपल्याकडे आला, असे शब्दांचे जाणकार सांगतात. काफिर म्हणजे जो आपल्या धर्माचा नाही तो. म्हणजे आपल्या पूर्वजांस ज्या अर्थाने 'जेंतीउ' म्हटले गेले, त्याच अर्थाने त्या बिचाऱ्यास 'काफिर' म्हटले गेले. एकाच टांकसाळीत पाडलेली ही दोन नाणी. आपल्या कपाळावरचा डाग आपण पुसला, आणि त्याच्या कपाळावरचा मात्र कोकणी भाषेच्या सोन्यात मढवून ठेवला! मुक्तीपूर्वीच्या वर्षांत पोर्तुगीजांनी मोझांबिकहून काळे शिपाई येथे आणले होते. त्यांची भीती वृद्धांच्या आठवणीत राहिली. पण ते शिपाईही आपल्यासारखेच पराधीन होते. त्यांचा देश स्वतंत्र होण्यास १९७५ साल यावे लागले, आणि त्या स्वातंत्र्यलढ्यात गोव्यात जन्मलेले आकिनु द ब्रागांझा खांद्यास खांदा लावून उभे होते. केनियाच्या लढ्यात पियो गामा पिंटो या गोमंतकीय वंशाच्या पुरुषाने कारावास सोसला, आणि स्वतंत्र केनियात १९६५ साली त्याची हत्या झाली. आफ्रिकेशी आपले नाते एवढे रक्ताचे असताना २०१३ साली पर्रा येथे एका नायजेरियन इसमाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडविला, आणि त्या दिवसांत एका मंत्र्याने त्या साऱ्या समाजास रोगाची उपमा दिली. पुढे क्षमायाचना झाली खरी. पण तो शब्द ज्या सहजतेने ओठांवर आला, ती सहजता कोठून आली याचा शोध कोणी घेतला नाही.

आणखी जवळ या. आपल्या देवळांच्या आवारात या. १९२८ साली मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने हजारो गावडे बांधव हिंदू धर्मात परत आले. स्वागत झाले, मिरवणुका निघाल्या. पण त्यांस नाव मिळाले 'नवहिंदू', आणि ते नाव पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिले. वाडा वेगळा, सोयरीक वेगळी. ज्यास आपण घरात घेतले असे म्हणतो, त्यास नवेपणाची आठवण किती पिढ्या करून द्यायची? पोंबालने 'नवे ख्रिस्ती' हा शब्द १७७३ साली पुसला. आपला 'नव' अजून पुसला गेला नाही.

याउलट एक उज्ज्वल उदाहरणही आपल्याच देवळांच्या सावलीत घडले आहे. देवाच्या सेवेस वाहिलेल्या स्त्रियांच्या ज्या समाजास पूर्वी सेवेच्या नावांनी हिणवले जाई, ती नावे येथे पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या समाजाने गेल्या शतकात संघटना बांधली, मुलामुलींना शाळेत घातले, अनिष्ट विधी टाकून दिले, आणि 'गोमंतक मराठा' हे नाव स्वतःसाठी स्वतः निवडले. राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्रास 'मी कोण?' हे नाव दिले. या एका प्रश्नात सारा लढा सामावला आहे. दुसऱ्याने दिलेले नाव नाकारून 'मी कोण' हे मीच सांगेन, असे म्हणणे म्हणजे माणसाचे दुसरे जन्मणे होय. त्याच समाजातून मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आले. त्याच परंपरेतील केसरबाई केरकरांचा स्वर १९७७ साली व्हॉयेजर यानातून ताऱ्यांच्या प्रवासास गेला. हे परिवर्तन कोण्या लिस्बनच्या राजाज्ञेने झाले नाही. सभा, शाळा, नियतकालिके आणि घरोघरी जाऊन केलेली समजूत, या मार्गाने ते झाले. लोकजागृती म्हणतात ती हीच.

मग कायद्याचा काही उपयोग नाही काय? आमचा व्यवसायच कायद्याचा. तसे आम्ही म्हणणार नाही. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने वंश आणि जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई केली, १७ व्याने अस्पृश्यता नष्ट केली. ईशान्येकडील बांधवांना चेहऱ्यावरून हिणवणारा शब्द वापरल्यास, ते अनुसूचित जमातींपैकी असतील तर, अत्याचारप्रतिबंधक कायद्याखाली कारवाई करावी, असे केंद्रीय गृहखात्याने २०१२ साली राज्यांस कळविले. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा एक तरुण विद्यार्थी दिल्लीत अशाच हेटाळणीतून उद्‌भवलेल्या मारहाणीनंतर मरण पावला. तेव्हा बेझबरुआ समिती नेमली गेली, तिने स्वतंत्र दंडकलमे सुचविली आणि त्याबरोबर समाजाच्या शिक्षणावरही भर दिला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्मा दोर्जी यांच्या याचिकेवर अशा प्रकारांवर लक्ष ठेवणारी समिती नेमण्याचा आदेश दिला. परंतु शिरगावच्या पालातील त्या मुलासाठी कोणते कलम आहे? 'घाटी' म्हटल्याबद्दल कोण फिर्याद करणार, आणि कोणता न्यायाधीश शिक्षा देणार? रोजच्या हजार बारीक टोचण्यांपैकी एकही टोचणी गुन्हा ठरण्याइतकी खोल नसते. आणि तरीही त्या हजार टोचण्यांनी माणूस रक्तबंबाळ होतो. हे क्षेत्र कायद्याच्या हाताबाहेरचे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर १९६५ रोजी वंशभेदाविरुद्ध जो करार स्वीकारला आणि भारताने १९६८ साली ज्यास मान्यता दिली, त्याच्या सातव्या अनुच्छेदाने म्हणूनच शिक्षण, संस्कृती आणि प्रचार यांच्याद्वारे पूर्वग्रहांशी झुंज देण्याचे बंधन राष्ट्रांवर घातले. दंडाची मर्यादा जेथे संपते, तेथे शिकवणीचे काम सुरू होते.

१७६१ चा कायदा का फसला, याचा बोध येथे उपयोगी पडेल. तो वरून आला, परक्या भाषेत आला, एकदाच उच्चारला गेला, आणि हिणवणाऱ्यास त्याच्या शब्दाचा घाव कसा लागतो हे कोणी दाखविले नाही. आपली लोकजागृती याच्या नेमकी उलट असली पाहिजे. ती आतून यावी, आपल्या कोकणीत आणि मराठीत यावी, वारंवार यावी, आणि बोलणाऱ्यास ऐकणाऱ्याच्या जागी उभे करणारी असावी.

यासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या देवस्थानांच्या हाती जेवढी साधने आहेत, तेवढी कोणत्याही खात्याच्या हाती नाहीत. जत्रेतील ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलांची नावे पुकारतात, वाहने कोठे ठेवावीत ते सांगतात. त्याच ध्वनिक्षेपकावरून, फेरीत बसलेला प्रत्येक जण देवीचा पाहुणा आहे, त्यास नावाने हाक मारा, एवढे सांगण्यास किती वेळ लागेल? कीर्तनकारबुवांनी चोखामेळ्याची कथा लावताना ती पंढरपुरात ठेवू नये. आपल्या बाजारात, आपल्या खाणपट्ट्यातील कामगारांच्या खोल्यांत आणून सोडावी. देवळाच्या सभामंडपात शाळकरी मुलांची वक्तृत्वस्पर्धा होते. तिला 'मला कोणी हिणवले तेव्हा' असा विषय द्यावा, आणि घाटावरच्या मजुराच्या, ईशान्येकडील स्वयंपाक्याच्या, नवहिंदू वाड्यावरच्या मुलांनाही त्याच मंचावर बोलावून बोलू द्यावे. आमची खात्री आहे की एका मुलाचे पाच मिनिटांचे भाषण आमच्या या दीर्घ लेखापेक्षा अधिक काम करील. आणि घरात वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे की असा शब्द कोणाच्या तोंडून निघाला असता हसू नये. हसण्याने त्या शब्दास घर मिळते. न हसल्याने तो दारातच अडखळतो.

कोणी म्हणेल, आपल्या भूमीत बाहेरचे लोंढे येत आहेत, जमिनी जात आहेत, भाषा बुडते आहे, आणि तुम्ही आम्हाला सौजन्य शिकवता! ही तक्रार खोटी नाही. जमिनीचे, पाण्याचे, भाषेचे प्रश्न खरे आहेत, आणि ते ग्रामसभेत, विधानसभेत व न्यायालयात निकराने लढले पाहिजेत. पण ते प्रश्न खेळणी विकणाऱ्या पोराने निर्माण केलेले नाहीत, आणि त्यास हिणवल्याने सुटणारही नाहीत. आपला मुलगाही उद्या पोटासाठी मुंबईस, आखातात, लंडनला जाणार आहे. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती बांधवास 'माकापाव' म्हणून चिडवीत, हे जुन्या लोकांस आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेत मोहनदास गांधी नावाच्या वकिलास 'कुली बॅरिस्टर' म्हणत. जगाच्या बाजारात प्रत्येक जण कोठे ना कोठे कोणाचा तरी 'घाटी' असतोच.

शेवटी पुन्हा लईराईकडे वळतो. तिच्या सात बहिणींपैकी एक मिराबाई म्हापशास गेली, आणि आज तिला मिलाग्रीस सायबीण म्हणून ख्रिस्ती बांधव पूजतात, अशी आपली श्रद्धा आहे. शिरगावहून तिच्या फेस्तास तेल जाते, तिकडून इकडे फुले येतात. राज्ये आली, गेली. इन्क्विझिशन आले, गेले. पण बहीण परक्या धर्मात गेली म्हणून आपल्या लोकमानसाने तिला वेगळे नाव देऊन तोडले नाही. ज्यांनी हे नाते शतकानुशतके जपले, त्या आपल्या अक्षरशत्रू पूर्वजांचे शहाणपण १७६१ च्या राजाज्ञेहून थोर होते, असे आम्हास वाटते.

पुढच्या पंचमीस आम्ही शिरगावास जाणार आहोत. तो मुलगा आता मोठा झाला असेल. तो भेटेलच असे नाही. भेटला तर आधी त्याचे नाव विचारू. इतक्या वर्षांत ते विचारण्याचे आम्हास सुचले नव्हते. निखाऱ्यांवरून चालण्याचे बळ आमच्या अंगी नाही. पण एका भावाची क्षमा मागण्याइतके बळ देवीने द्यावे, एवढीच तिच्या चरणी प्रार्थना.